१६ इंची स्क्रोल सॉवर महालक्ष्म्यांचे मखर: ब्लेड तुटते, काप तिरका जातो, मोठे मशीन घ्यावे का?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून यू आकाराच्या हातकरवतीने प्लायचे पोपट आणि मोर कापून घेण्यात माझी बरीच वर्षे गेली. निवृत्तीनंतर तोच छंद पुढे चालवावा म्हणून गेल्या दिवाळीत १६ इंची स्क्रोल सॉ (उभ्या बारीक ब्लेडने नक्षी कापणारी विजेची करवत) ऑनलाइन मागवला. नावांच्या पाट्या, चाव्या अडकवायचे हत्ती आणि नातवासाठी एक जिगसॉ कोडे इतके काम त्यावर बऱ्यापैकी झाले. आता आषाढ लागला आहे आणि भाद्रपदात घरी महालक्ष्म्या येण्यापूर्वी त्यांच्या मखराच्या दोन बाजूंसाठी जाळीच्या फळ्या करण्याचे मनात आहे. प्रत्येक फळी २४ इंच उंच आणि १२ इंच रुंद असून वरच्या भागात पैठणीच्या पदरावरचा मोर आणि खाली बिबी का मकबऱ्यातील संगमरवरी जाळीवरून घेतलेली षट्कोनी नक्षी असे चित्र मी कागदावर काढून ठेवले आहे.

अडचण अशी की घरच्या फर्निचरमधून उरलेल्या १२ मिलिमीटर कमर्शियल प्लायवर सराव करताना चार दिवसांत सात ब्लेड तुटली. जिथे वळण आहे तिथे लाकूड काळे पडते, आणि कापून निघालेला तुकडा वरून बरोबर दिसला तरी खालून दोन मिलिमीटर मोठा भरतो. मशीनसोबत आलेल्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना आडवी पिन आहे. ती आत जावी म्हणून प्रत्येक ठिकाणी पाच मिलिमीटरचे भोक पाडावे लागते आणि बारीक पाकळ्यांमध्ये तेवढी जागाच नसते. मशीन इतके थरथरते की शेजारी ठेवलेला चहाचा पेला आपोआप टेबलाच्या कडेपर्यंत चालत जातो.

जावईबापू अमेरिकेत असतात. ते डेवॉल्टचे २० इंची डीडब्ल्यू ७८८ हे मशीन सोबत आणण्यास तयार आहेत. घ्यावे की आहे त्यातच काम भागेल? शिवाय पोळ्यासाठी लाकडी बैलजोड्या करण्याचाही विचार आहे, त्याबद्दल कोणी सांगितल्यास उपकार होतील.

गुण्या-रंधा (छत्रपती संभाजीनगर)

गुरुजी, नमस्कार. मोठ्या मशीनचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपण लिहिलेल्या तक्रारींपैकी एकही मशीनच्या इंचांमुळे उद्भवलेली नाही.

इंचांचा हिशोब आधी सांगतो, कारण त्यावर पैसे अडकतात. १६ इंच म्हणजे ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतचे अंतर, आणि फळी फिरवताना तिचा जो भाग मागे जातो तो त्या अंतरात बसला पाहिजे. २४ इंची फळीच्या वरच्या टोकाला मोर कापताना कधीतरी खालचे टोक मागे जाईल आणि खांबाला अडेल. हीच अडचण २० इंची मशीनवरही येणार, कारण २४ इंच तिथेही बसत नाहीत. म्हणून प्रत्येक फळी १२ बाय १२ इंचांच्या दोन तुकड्यांत करावी. कडेला एक इंचाची पट्टी कोरी सोडली तर सर्वांत कडेच्या भोकापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर साधारण साडेपंधरा इंच येते आणि आपल्या मशीनवर ते जेमतेम पण नक्की फिरते. वर मोर आणि खाली जाळी असे चित्र आपण स्वतःच काढले असल्यामुळे मधला जोड एखाद्या आडव्या पट्टीखाली सहज झाकला जाईल.

आता ब्लेड. पिनवाले ब्लेड जाळीकामासाठी नाहीच. बिनपिनेचे, म्हणजे दोन्ही टोके सपाट असलेले पाच इंची ब्लेड घ्यावे. त्यासाठी लागणारे दोन छोटे धातूचे ठोकळे बहुतेक १६ इंची मशीनसोबत पिशवीत येतात. त्यांना आडवा स्क्रू असतो आणि तो एल आकाराच्या चावीने आवळतात. आपणही ती पिशवी न उघडता ठेवून दिली असेल अशी दाट शंका आहे, कारण मी स्वतः ती आठ महिने उघडली नव्हती. ३ नंबरचे ब्लेड रुंदीला जेमतेम एक मिलिमीटर असते, तेव्हा दीड मिलिमीटरचे भोक पुरते आणि पाकळीच्या टोकातूनही आत शिरता येते. नंबर जितका मोठा तितके ब्लेड रुंद आणि दाते विरळ असतात. ३ ते ६ मिलिमीटर जाडीला २ किंवा ३ नंबर, १२ मिलिमीटरला ५ नंबर आणि त्याहून जाड सागाला ७ किंवा ९ नंबर असे मी वापरतो. मिळाल्यास उलट दात्यांचे ब्लेड घ्यावे, ज्यात खालचे काही दाते वरच्या दिशेला तोंड करून असतात आणि त्यामुळे प्लायच्या खालच्या बाजूच्या कपच्या निघत नाहीत.

तिरक्या कापाची दोन कारणे संभवतात. पहिले, टेबल ब्लेडशी काटकोनात नसणे. टेबलाखाली जी अंशांची पट्टी असते तिच्यावर अजिबात विश्वास ठेवू नये. लहान गुण्या (काटकोन तपासायचे साधन) ब्लेडला लावून पाहावा, आणि त्याहून पक्की परीक्षा हवी असेल तर २० मिलिमीटर जाडीच्या ठोकळ्यात कडेने पाव इंच खोल एक काप घ्यावा, मशीन बंद करावे, ठोकळा ब्लेडच्या मागच्या बाजूला नेऊन अर्धा फिरवावा आणि तोच काप ब्लेडच्या पाठीवर सरकवून पाहावा. टेबल काटकोनात असेल तर ब्लेड लोण्यात शिरावे तसे आत जाते, नसेल तर कडेला अडते. दुसरे कारण म्हणजे सैल ब्लेड. ताण इतका हवा की बोटाने मध्यभागी दाबल्यास ब्लेड तीन मिलिमीटरपेक्षा जास्त ढळू नये आणि नखाने छेडल्यास सतारीच्या तारेसारखा स्पष्ट, उंच स्वर निघावा. थप्प असा आवाज आला तर ताण कमी आहे. सैल ब्लेड वळणावर पोट काढते, घासते, तापते आणि तुटते, म्हणजे आपल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

आणखी एक गोष्ट नवशिक्याला कोणी सांगत नाही. साच्यातून काढलेल्या स्वस्त ब्लेडच्या एका बाजूला बारीकशी कंगोर राहते, त्यामुळे ती बाजू जास्त कापते आणि लाकूड सरळ ढकलले तरी काप रेषेपासून उजवीकडे जाऊ लागतो. ही आपल्या हाताची चूक नाही. लाकूड चार-पाच अंश तिरके धरून ढकलण्याची सवय आठवड्याभरात लागते. मशीन चालू असताना बारीक धारेचा दगड उजव्या बाजूला क्षणभर टेकवून ती कंगोर घालवणारेही आहेत.

काळे पडण्यावर उपाय अगदी साधा आहे. चित्राच्या कागदावर खोके बंद करण्याची पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि तिच्यावरूनच कापावे. ती ब्लेडला वंगणासारखी उपयोगी पडते आणि शिसम किंवा सागासारखे लाकूडही जळत नाही. थरथरीसाठी मात्र पैसे खर्च करू नका. माझे मशीन जुन्या न्हाणीघरातून निघालेल्या शहाबादी फरशीवर बोल्टने घट्ट आवळलेले आहे आणि फरशीखाली रबरी पायपुसणे आहे. फरशीला भोके पाडून देणारा मिस्त्री गल्लीतच मिळतो.

सुताराची लेक (लातूर)

गुरुजी, वरच्या प्रतिसादातील बाकी सर्व मान्य, परंतु मूळ दोष लाकडात आहे असे माझे स्पष्ट मत आहे. फर्निचरचा १२ मिलिमीटर कमर्शियल प्लाय जाळीसाठी घेऊच नये. त्याच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात, जिथे ब्लेड एकदम सुटते आणि पुढच्या थरावर आदळते, शिवाय थरांमधला वाळलेला डिंक दात्यांची धार खातो. आपल्या सात ब्लेडांपैकी निदान तीन तरी त्यानेच खाल्ली असतील.

३ किंवा ४ मिलिमीटरचा चांगला प्लाय आणावा आणि मखराच्या डाव्या-उजव्या बाजू एकाच वेळी कापाव्यात. दोन पत्रे एकावर एक ठेवून कडेला चिकटपट्टीने गुंडाळावेत आणि मधल्या टाकाऊ भागांत दुहेरी चिकटपट्टीचे तुकडे लावावेत. दोन्ही बाजूंची नक्षी तंतोतंत जुळते. वरचा पत्रा उलटला की डावीकडचा मोर आपोआप उजवीकडे पाहू लागतो, तेव्हा आपणास दुसरे चित्र काढण्याचीही गरज नाही. मात्र त्यासाठी दोन्ही पृष्ठे चांगली असलेला प्लाय निवडावा. भोके पाडल्यावर खालच्या बाजूला जो काटा उभा राहतो तो पॉलिश पेपरने आधी घासून काढावा, नाहीतर फळी टेबलावर डुगडुगते आणि मग गुण्या लावून केलेली सगळी मेहनत फुकट जाते.

कापण्याचा क्रम महत्त्वाचा. मधून कडेकडे जावे आणि लहान भोके आधी कापावीत, कारण मोठी जागा आधी रिकामी झाली की तिच्या शेजारच्या नाजूक पट्ट्यांना आधार राहत नाही. बाहेरची कड सर्वांत शेवटी. ३ मिलिमीटर प्लायमध्ये दोन भोकांमधली पट्टी ३ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नये. मकबऱ्याची जाळी संगमरवराची आहे, तिच्या पट्ट्यांना तिथे जाडीचा आधार आहे. फोटोवरून नक्षी घेताना त्या पट्ट्या आपल्याला रुंद कराव्या लागतील, आणि फोटोही अगदी समोरून घेतलेला हवा, नाहीतर षट्कोन एका बाजूला दबतात.

खरे लाकूड हवे असेल तर आपल्या भागासारखा खजिना कुठे नाही. माळवदाची घरे जिथे उतरवली जातात तिथे साठ-सत्तर वर्षे वाळलेल्या सागाच्या तुळया आणि कड्या निघतात. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूने असे लाकूड गाड्या भरभरून आले होते. माझे वडील सुतार होते आणि आमच्या घरातले देव्हाऱ्याचे दार त्यातल्याच एका तुळईचे आहे. इतके मुरलेले लाकूड आमच्या कोरड्या उन्हाळ्यातही वाकत नाही. वखारीत नेऊन त्याच्या ६ मिलिमीटरच्या फळ्या चिरून घ्याव्यात, पण त्याआधी दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक तुळईवरून सावकाश फिरवावे. आत मोडून राहिलेला खिळा वखारवाल्याच्या पात्याला लागला तर तो आपणास पुन्हा दारात उभे करणार नाही. वरचा मातीचा आणि चुन्याचा थरही रंध्याने काढावा, कारण ती रेव ब्लेडचा फडशा पाडते. सागात मुळातच वाळूसारखा अंश असतो, तेव्हा सागावर ब्लेड लवकर बोथट होणार हे गृहीत धरूनच डझनाने घ्यावीत.

ब्लेड मिळत नसतील तर सराफ्यात विचारावे. सोनार मंडळी छेदकामाच्या करवतीला जी ब्लेड वापरतात ती बिनपिनेची आणि जवळपास त्याच लांबीची, १३० मिलिमीटर असतात, आणि आपल्या मशीनच्या ठोकळ्यात बसतात. दाते फार बारीक असल्याने जाड लाकडात ती भुशाने भरतात, परंतु ३ मिलिमीटरच्या प्लायला, आणि पितळी पत्रा कापून लाकडात बसवायचा असेल तर त्याला, ती उत्तम.

वाळूजचा फिटर

अमेरिकेतून मशीन आणण्याबद्दल लिहितो. ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असते, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. चुकून सरळ प्लगमध्ये घातले तर त्याच दिवशी संपले. डीडब्ल्यू ७८८ ला १.३ अँपिअर लागतात, म्हणजे ५०० व्हीएचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर निवांत पुरेल, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे साध्या इंडक्शन मोटारीचे कुठलेही तिकडचे यंत्र इथे जवळपास एक षष्ठांशाने हळू फिरते हेही ध्यानात असावे. त्याहून मोठी गंमत म्हणजे या मशीनचे वजन ५६ पौंड, म्हणजे २५ किलोच्या वर आहे, आणि विमानातली एक बॅग बहुधा २३ किलोची असते. जावईबापूंना मशीन आणायचे असेल तर मुलीचे सामान तिकडेच ठेवावे लागेल. मशीन उत्तम आहे यात वाद नाही, मिनिटाला ४०० ते १७५० फेऱ्या असा वेग बदलता येतो आणि थरथर फार कमी, परंतु वर्षाला एका मखरासाठी ते नको.

पोळ्याच्या बैलांसाठी एक युक्ती सांगतो. चौकोनी ठोकळा घ्यायचा, बैलाचे बाजूने दिसणारे चित्र एका पृष्ठावर आणि समोरून दिसणारे लगतच्या पृष्ठावर चिकटवायचे, दोन्हींची कड एकाच कोपऱ्यावर जुळली पाहिजे. आधी एक बाजू पूर्ण कापायची, पण निघालेले तुकडे फेकायचे नाहीत. ते परत जागच्या जागी बसवून ठोकळा चिकटपट्टीने गुंडाळायचा, पाव फेरा फिरवायचा आणि दुसरी बाजू कापायची. चिकटपट्टी सोडली की आतून शिंगे, वशिंड आणि चार पाय असलेला अख्खा बैल बाहेर येतो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याचे तोंड बघण्यासारखे असते. ठोकळा ३५ ते ४० मिलिमीटरपेक्षा जाड घेऊ नये, कारण पाच इंची ब्लेडला त्याहून जाड लाकडातला भुसा बाहेर टाकता येत नाही. अशा कामात सैल ब्लेड ताबडतोब उघडे पडते, बैलाचा एक पाय जाड आणि एक बारीक होतो.

लाकूड मऊ हवे. शिवणीचे लाकूड मिळाले तर सोने, नाहीतर कारखान्यांत परदेशी यंत्रे ज्या खोक्यांतून येतात त्यांचे पाइन भंगारवाल्याकडे मिळते. त्या फळ्यांवर गव्हाच्या ओंबीसारखी खूण असलेला शिक्का असतो. त्यात एचटी असेल तर ते लाकूड फक्त तापवून निर्जंतुक केलेले असते, खुशाल घ्यावे. एमबी असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते मुलांच्या खेळण्यासाठी घेऊ नये.

आणि गुरुजी, मास्क. चांगला एन-९५ लावा. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले आहे. कोणी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) घ्या म्हणेल, कापायला ते मऊ असते हे खरे, पण त्याचा भुसा पिठासारखा बारीक उडतो आणि बंद खोलीत तो दिवसभर हवेत राहतो.

गोदाकाठ (नांदेड)

तिघांचेही मनापासून आभार. ती पिशवी सापडली. मशीनच्या खोक्यातल्या थर्माकोलच्या खाचेत, माहितीपुस्तिकेसकट, तशीच होती. ज्या दुकानदाराकडे मी दोनदा बिनपिनेचे ब्लेड मागितले त्याने या मशीनला ते बसतच नाही असे छातीठोक सांगितले होते.

गुण्या लावून पाहिला, टेबल डावीकडे चांगले दोन अंश झुकलेले निघाले आणि खालची पट्टी मात्र शून्य दाखवत होती. मागून काप सरकवण्याची परीक्षा तीन वेळा नापास होऊन चौथ्या वेळी उत्तीर्ण झालो. ताणाचा स्वर जुळवताना सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन, संवादिनी आणली का, असे विचारून गेल्या. ४ मिलिमीटर प्लायचे दोन पत्रे एकत्र बांधून ३ नंबरच्या ब्लेडने खालची जाळी कापायला घेतली आहे. एकूण ५८ भोके आहेत, त्यांपैकी २३ झाली आणि आतापर्यंत एकच ब्लेड तुटले, तेही दोन तासांनी. मशीन हलण्याचे नाव घेणार नाही अशी फरशी अजून मिळालेली नाही, तोवर खाली जुनी सतरंजी घातली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. मोराच्या तुऱ्यात तीन ठिकाणी वळण इतके तीक्ष्ण आहे की फळी फिरवताना कोपरा गोल होतो. आणि रंगाऐवजी जवसाचे तेल द्यावे असे मनात आहे, ते जाळीत ब्रशने कसे पोहोचवावे?

सुताराची लेक (लातूर)

तीक्ष्ण कोपऱ्यात फिरवू नकाच. एका बाजूने टोकापर्यंत जावे, त्याच कापातून थोडे मागे यावे, टाकाऊ भागात छोटा वळसा घ्यावा आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा त्याच टोकाला यावे. टोक सुईसारखे निघते. पिळाचे गोल ब्लेड कोणी सुचवले, कारण ते सर्व बाजूंनी कापते आणि फळी फिरवावी लागत नाही, तर ते तुऱ्यासाठी घेऊ नये. त्याचा काप रुंद आणि कड खरबरीत होते आणि रेषेवर ठेवणे नवख्या हाताला जमत नाही.

तेल ब्रशने देऊ नये. फळीपेक्षा मोठ्या ताटात, किंवा पत्र्याच्या ट्रेमध्ये, उकळलेले (दुकानात 'बॉइल्ड' म्हणून तयार मिळते ते) जवसाचे तेल ओतून फळी त्यात बुडवावी, दहा मिनिटांनी उभी करून निथळू द्यावी आणि भोकांच्या कोपऱ्यांत साचलेले तेल जुन्या दात घासण्याच्या ब्रशने टिपावे. कच्चे तेल नको, ते पावसाळ्यात आठवडाभर चिकट राहते आणि त्यावर घरातली सगळी धूळ बसते. तेलाने भिजलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना आपोआप तापते आणि गोळा झालेली चिंधी काडी न लावता पेट घेऊ शकते. तारेवर एकेरी पसरून वाळवावी किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी. वडिलांच्या कामाच्या पडवीत एकदा पहाटे धूर निघाला होता, तेव्हापासून आमच्याकडे ती बादली कायम भरलेली असते.

तेल पूर्ण वाळायला निदान दोन आठवडे धरावेत आणि त्यानंतरच समई किंवा निरांजन जाळीजवळ ठेवावे.